मी नुसती मान हलवली

नाना, आज सुट्टी आहे, माग बंद आहेत, आणि मी दुपारची भांडी तशीच टाकून कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या पाठीमागं हे लिहायला बसले आहे. तुम्हाला मराठी बोलता यायचं, वाचता यायचं नाही. मला तेलुगू बोलता येतं, लिहिता येत नाही. म्हणजे तुम्ही जिवंत असतात तरी हे मलाच तुमच्या कानाशी बसून वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तेही ओरडून, शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल एवढं. तसलं काही करायची माझी आज छाती नाही. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, एकेक अक्षर तोंडानं म्हणत म्हणत लिहिते, त्याशिवाय हात पुढं सरकत नाही. चुकलं तर चुकलं. तुम्हाला कुठं कळणार आहे.

आधी क्रिकेटचं सांगते, कारण तुम्ही पहिलं तेच विचारलं असतं. तुम्ही गेलात तेव्हा वीस ओव्हरचा खेळ निघालाच नव्हता. आता पाच दिवस कुणाला वेळ नाही, पन्नास ओव्हरलाही लोक जांभया देतात. वीस ओव्हर, तीन तासांत सगळं आटोपतं. आणि आता बायका खेळतात, नाना. व्हय, बायका. आपल्या देशाच्या पोरी, निळ्या कपड्यात, टीव्हीवर, आणि अख्खं स्टेडियम भरतं. मागं त्यांनी पन्नास ओव्हरचा कप जिंकला तेव्हा आपल्या शहराच्या पूर्व भागात पोरांनी रस्त्यावर फटाके फोडले. दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात सुताच्या कांड्या भरायच्या मशीनवर होते. मालकानं स्वतः सगळ्यांना पेढा दिला, त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा. पण ह्याच पोरी वीस ओव्हरला उभ्या राहिल्या की काय होतं देव जाणे. सुरवातीला चाचपडतात, मग कुणीतरी घाई करते, एक जाते, तिच्यामागनं दुसरी, आणि बघता बघता ओळीनं सगळ्या परत. बॉल शिल्लक राहतात, खेळायला माणूस नाही. कधी माणसं शिल्लक राहतात आणि बॉल संपतात. एवढा तगडा संघ, आणि लहान खेळात धापा टाकतो. माझ्या शेजारच्या मशीनवर एक खाला आहे, पंचवीस वर्षं आम्ही शेजारी बसतोय. ती म्हणते, "पचास ओव्हरां में शेरनियां, बीस में बकरियां बन जातीं, क्या की!" आणि चहावाला परवा म्हणाला, "मावशी, बायकांचं काम न्हवं ते, लांब मारायला ताकद लागतीय." त्याला म्हणलं, "तू चहाची किटली तरी दोन हातांनी उचलतोस, गप बस." सगळ्या बायका हसल्या. पण मनातनं मीसुद्धा त्या पोरींना शिव्या देत होते. मॅच लागली की मी टीव्हीपुढं बसून ओरडते. "मार की गं! काय पूजा मांडलीस का तिथं? दांडा ओढ की!"

दांडा ओढ. हे तुम्हाला बरोबर कळेल. टीव्हीतल्या कुणाला कळणार नाही.

तुमचे कान मागानं खाल्ले होते. मला आठवतंय तेव्हापासून तुम्ही जवळजवळ ठार बहिरे. कारखान्यात माग चालू असताना माणसाला माणसाचा आवाज येत नाही, म्हणून सगळे खुणांनी बोलायचे. मूठ पोटाकडं ओढली की, दांडा ओढ, माग चालू कर. दोन बोटांची कात्री केली की, तार तुटली, थांबव. तळवा उताणा केला की, काही नाही, सगळं ठीक. त्याच खुणा तुम्ही घरी आणल्या आणि अम्मासकट सगळं घर हातानं बोलायला लागलं. जे हातानं जमायचं नाही ते आम्ही ओरडायचो. आपल्या घरातलं भांडण तीन गल्ल्यांना ऐकू जायचं आणि ज्याच्याशी भांडण चाललंय त्यालाच ऐकू जायचं नाही, असं अम्मा म्हणायची.

आणि तुम्हाला क्रिकेटचं वेड. बहिऱ्या माणसाला रेडिओवरच्या क्रिकेटचं वेड, कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर ट्रान्झिस्टर ठेवलेला, कारण तिथंच तो नीट लागायचा. डब्याशेजारी मी, कान त्याला चिकटवून. चुलीपुढं अम्मा. आणि उंबऱ्यावर तुम्ही, माझ्या हाताकडं बघत. मी आठ-नऊ वर्षांची असेन. हिंदीत ते काय सांगायचे त्यातलं निम्मं मला कळायचं नाही, पण चौका कळायचा आणि आउट कळायचं. चौका गेला की चार बोटं. आउट झाला की कात्री. तार तुटली! तुम्ही कपाळावर हात मारायचात. पण मधे नुसते बॉल जायचे, एकामागनं एक, रन नाही की काही नाही. त्याचा तळवा दाखवायचा मला कंटाळा यायचा. मी पिठात बोट घालून रेघा ओढत बसायची. तुम्ही विचारायचात, "बाकी?" मी ओरडायची, "एम लेदु!" काही नाही.

एका दिवशी तुम्ही उठून आत आलात आणि माझा हात धरलात. मला वाटलं मारताय. तुम्ही म्हणालात, "चौका सांगितलास, आउट सांगितलास. मधले कुटं गेले?"

"मधे काय झालंच न्हाई, नाना," मी ओरडले.

"काय झालं न्हाई म्हंजे? त्यो एवढ्या लांबनं पळत आला, जीव खाऊन बॉल टाकला, ह्यानं बघितला आन् सोडला. एवढं झालं की! आनि तू म्हनतीस काय न्हाई?"

मग तुम्ही अंगावरची चादर माझ्या पुढ्यात धरलीत. तुमच्याच मागावरची, कुठंतरी गाठ मारलेली म्हणून कारखान्यानं काढून टाकलेली. गाठीवर बोट ठेवून म्हणालात, "हितं तार तुटली, ती तुला दिसती. बाकी सगळी चादर दिसत न्हाई. पर जितं काय झालं न्हाई, तितंच चादर हाय. पांघरतीस ती तीच." अम्मा चुलीपुढनं म्हणाली, "लेकराला काय श्यानपन शिकवताय, भाकरी खावा आधी." तुम्हाला ते ऐकूच गेलं नाही. त्या दिवसापासनं मी प्रत्येक रिकाम्या बॉलला तळवा दाखवायला लागले. हात भरून यायचा. दिवसभर तळवा, तळवा, तळवा. आणि तुम्ही उंबऱ्यावर बसून मान हलवत प्रत्येक बॉल बघायचात. बघायचात म्हणते, कारण खरंच बघत असल्यासारखं तुमचं तोंड असायचं. दिवाळीला मला तुम्ही घड्याळ आणून दिलं होतं, खोटं, काटे न फिरणारं, खेळण्यातलं. म्हणालात, "कॉमेंट्री सांगणाऱ्या बाईला घड्याळ पायजे." दुसऱ्या दिवशी माझ्या हातनं त्याची काच फुटली, तरी ते मी शाळेत घालून जायची.

आता माझ्या पोरीचं सांगते. तुम्ही तिला बघितलं नाही. आता सतरा वर्षांची आहे. तिचे वडील टेम्पोवर असतात, आठवड्यातनं एकदा घरी, तेव्हा घरात आम्ही दोघीच. ही खेळते. खेळते म्हणजे खरोखरचं, पॅड बांधून, डोक्याला ते जाळीचं टोपडं घालून. मी पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा ती बॉल सोडत होती. मारत नव्हती, सोडत होती, मान वळवून मागं जाताना नीट बघत होती. तुमचीच मान. तुम्हाला तिनं बघितलंही नाही, मग ही मान कुठनं आली? तिचे सर म्हणायचे, "काकू, ही खांब आहे. दिवसभर उभी राहील." पण पोरींना दिवसभर उभं राहायला देतंय कोण? आमच्याकडं पोरींच्या स्पर्धा बघाव्या तर बहुतेक वीस ओव्हरच्याच. तिथं खांबाला कोण विचारतो. ती मला सांगायची, "आई, वीस ओव्हरमध्ये रिकामा बॉल म्हणजे पाप असतं गं." मी म्हणायची, "मग पाप करू नको. मार." मला कुठं धीर आहे, नाना. भात शिजायच्या आत झाकण काढून बघणारी बाई मी.

जिल्ह्याच्या संघाची निवड होती, सगळ्या पोरींच्या दोन टीम करून मॅच ठेवली होती. सरांनी आदल्या दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं, "काकू, या, पण ओरडायचं नाही. तुमचा आवाज सात रस्ता चौकापर्यंत जातो. पोरगी बिचकते." मी म्हणलं, "बरं." आणि खरंच सांगते, मी तोंडाला पदर लावून बसले. एक शब्द बोलले नाही. माझी पोरगी तिसऱ्या नंबरवर आली. समोरनं पोरी आउट होऊन जात होत्या, ही उभी. एक रन, एक रन, एखादा सोडलेला बॉल, परत एक रन. आता घरी बसून वाटतं, ती बरोबर खेळत होती. एका बाजूनं सगळ्या ताराच तुटत असताना दुसऱ्या बाजूनं कुणीतरी कापड धरून ठेवावं लागतं. पण माझ्या शेजारी एक बाई होती, गॉगल लावलेली, तिची पोरगीही टीममध्ये. ती माझ्याकडं वळून म्हणाली, "तुमची ना? छान आहे हो. पण ही टेस्ट मॅच नाही ना." आणि हसली. तेवढं वाक्य तिनं माझ्या तोंडापुढं येऊन बोललं म्हणून मला सगळं कळलं, आणि माझ्या अंगाची आग झाली. त्याच वेळी ओव्हर संपली आणि माझ्या पोरीनं माझ्याकडं बघितलं. लहान पोरं पडल्यावर आधी आईकडं बघतात आणि मग रडायचं का नाही ते ठरवतात, तसं.

मी ओरडले नाही. सरांना शब्द दिला होता. मी मूठ वळली आणि पोटाकडं ओढली. दांडा ओढ.

तिला कळलं. लहान असताना ती कारखान्यात माझा डबा घेऊन यायची, तिला सगळ्या खुणा पाठ आहेत. दुसऱ्या कुठल्या आईनं हात हलवला असता तर पोरीला वाटलं असतं, माशी हाकलतेय. माझ्या पोरीला हुकूम कळला. पुढच्याच बॉलला ती दोन पावलं पुढं आली आणि जन्मात मारला नव्हता तसला फटका मारला. बॉल वर गेला, लई वर. खाली उभ्या असलेल्या पोरीला हलायचीसुद्धा गरज पडली नाही. आणि नाना, माझा हात. हात माझ्या ताब्यातच नाही. त्यानं आपोआप दोन बोटांची कात्री केली. तार तुटली. माझ्या पोरीनं तेही बघितलं.

ती परत येताना दोरीजवळ माझ्यापुढं थांबली. टोपडं काढलं नव्हतं, तोंडापुढं जाळी. ती काहीतरी बोलली. विचारलं, बहुतेक, कारण बोलून झाल्यावर ती थांबली आणि माझ्याकडं बघत राहिली.

मला ऐकू आलं नाही.

आता खरं तेच लिहिते, कागदाला कसली लाज. गेली दोन-तीन वर्षं मला ऐकू कमी येतंय. इतकी वर्षं मागांच्या शेजारी बसून कांड्या भरल्या, दुसरं काय होणार. समोरचा माणूस तोंडापुढं येऊन बोलला की ओठांवरनं कळतं. पाठीमागनं कुणी बोललं की काही नाही. म्हणून मी सगळ्यांना पुढं बसवते, म्हणून टीव्हीचा आवाज एवढा, म्हणून मी ओरडते, कारण माझाच आवाज मला कितपत जातोय ते समजत नाही. लोकांना वाटतं बाई तापट आहे. असू दे. तापट म्हणलेलं चालतं, बहिरी म्हणलेलं चालत नाही. तुम्ही बरे होता, रेशनच्या दुकानात शिरतानाच जाहीर करायचात, "बहिरा हाय मी, मोठ्यानं बोला!" आणि मी तुमचा सदरा ओढायची, असं सगळ्यांपुढं काय सांगता म्हणून. "मागानं कान घेतले आन् भाकरी दिली, त्यात लाजायचं काय?" तुम्ही म्हणायचात. मला लाज वाटते. मी एक युक्ती केली आहे. ऐकू आलं नाही की मान हलवायची. हो, हो. दहातल्या नऊ वेळा तेवढ्यावर भागतं. भाजीवाल्याशी भागतं, मालकाशी भागतं.

त्या दिवशीही मी मान हलवली. जाळीतनं तिचे ओठ दिसत नव्हते, चारचौघांत 'काय म्हणालीस' विचारायचं, तेही त्या गॉगलवालीसमोर, माझ्या जिवावर आलं. मला वाटलं, पाणी मागत असेल, नाहीतर आता निघायचं का विचारत असेल. हो, हो, अशी मान हलवली. ती गेली आणि पॅड सोडत बसली. संघात तिचं नाव आलं नाही. मी म्हणलं, येईल पुढच्या वेळी.

त्यानंतर ती ग्राउंडवर गेली नाही. पिशवी कॉटखाली ढकललेली. मला वाटलं, रुसलीय, बसू दे चार दिवस. गेल्या आठवड्यात आपल्या देशाच्या पोरींची मॅच लागली, वीस ओव्हरची. मी टीव्हीपुढं, ती माझ्या बाजूला शेंगा फोडत बसलेली. चांगल्या चालल्या होत्या पोरी, मग नेहमीचंच. एकीनं उगाच उचलून मारला. गेली. दुसरी आली, तिनंही मारला. गेली. मी ओरडत होते, "दांडा ओढ, ओढ की!" आणि त्या गेल्या की त्यांच्याच नावानं बोटं मोडत होते, घाई कशाला करता म्हणून. पोरगी उठली आणि टीव्हीच्या पुढं येऊन उभी राहिली. तोंड माझ्याकडं. सावकाश बोलली, मला प्रत्येक शब्द कळला. "आई, तू ह्यांना मार म्हणतीस, मारलं की का मारलं म्हणतीस. त्यांनी नक्की काय करायचं?" मी म्हणलं, "बाजूला हो, दिसंना मला." ती बाजूला झाली. पण त्या मॅचचा एक बॉल मला नंतर दिसला नाही. मला दिसत होतं ते एवढंच, की सगळा देश दोरीबाहेर बसून मूठ पोटाकडं ओढतोय, आणि आत एवढ्या तगड्या पोरी दर ओव्हरला मान वळवून आमच्याकडं बघतायत. हरण्याची लाज त्यांना नसेल एवढी मला वाटली, आणि ती त्यांच्या हरण्याची नव्हती.

आणि काल. काल संध्याकाळी ती माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "मी उद्या सुट्टी झाली की परवापासनं तुझ्याबरोबर येते. मालकांना विचारलंय मी. कांड्या भरायला एक बाई पाहिजेच आहे त्यांना."

मी म्हणलं, "आणि खेळ?"

"सोडला की."

"कुणाला विचारून?"

"तुला विचारून. त्या दिवशी आउट झाल्यावर मी विचारलं नाही का, आई, बास करू का आता? तू हो म्हणालीस. दोनदा मान हलवलीस."

नाना, एवढंच सांगायचं होतं. मला ऐकू आलं नाही, बाळा. पाच शब्द. तुम्ही रेशनच्या रांगेत सगळ्या गावापुढं सांगायचात ते. मी काय म्हणाले माहीत आहे? मी म्हणाले, "मग म्हणाले तर म्हणाले. कुठं देशाकडनं खेळणार होतीस. यायचं तर डबा स्वतःचा स्वतः भर." आणि उठून पिठाच्या डब्यात हात घातला, भाकरीला पीठ पाहिजे म्हणून. भाकरी सकाळीच झाली होती. ती मागनं काहीतरी बोलली. मी वळले नाही. वळले असते तर ओठ दिसले असते.

नंतर जेवताना मी विचारलं, तोंडाकडं बघून, "मघाशी मागनं काय म्हणालीस?"

ती म्हणाली, "काही नाही."

एम लेदु. मला तुमचा उंबऱ्यावरचा चेहरा आठवला. मधले कुटं गेले, असं विचारायला माझं तोंड उघडलं आणि घास घालून बंद केलं. म्हणजे आता माझी पोरगीही मला चौके आणि आउट तेवढेच सांगणार. मधलं सगळं तिच्यापाशी.

रात्रभर मी एकच गोष्ट घोळवत होते. उद्या ती माझ्या शेजारी मशीनवर बसेल. दारापलीकडं पन्नास माग धडधडतायत. मी तिच्याएवढीच होते जेव्हा बसले. आधी संध्याकाळी कानात शिट्टी वाजते, मग ती शिट्टी सकाळीही जात नाही, मग एक दिवस शिट्टी थांबते आणि माणसाला वाटतं, चला, बरं झालं. तिला लई बारीक ऐकू येतं, नाना. बॅटला बॉलची नुसती कड लागली तरी तिला कळतं, पंचाच्या आधी. सर म्हणायचे, हिच्या कानाला तोड नाही. त्या कानांना मी मान हलवून कारखान्याचं दार उघडून दिलंय.

सांगायचं म्हणजे काय काय सांगायचं? ऐकू येत नाही हे सांगायचं. म्हणजे दोन वर्षं मी हो हो केलेलं सगळं खोटं होतं हे सांगायचं. तिनं शाळेतलं काय काय सांगितलं, रात्री दिवा बंद केल्यावर अंधारात काय काय बोलली, त्याला मी हूं हूं म्हणत राहिले, ते सगळं. अंधारात तर ओठही दिसत नाहीत. ती कशाकशाला विचारत होती आणि मी कशाकशाला हो म्हणून बसले, मला ठाऊक नाही. एका 'हो'चा हिशोब लागला तर हे निघालं. बाकीच्यांचं काय. ह्याची भीती वाटते मला, आणि भीतीपेक्षा लाज. तुमची पोरगी, प्रत्येक रिकामा बॉल हात दुखेपर्यंत तुम्हाला दाखवलेली, आणि आपल्या पोरीचे सगळे सोडून बसली, न बघता.

आता ती आतल्या खोलीत आहे. परत कुठलीतरी वीस ओव्हरची मॅच लागलीय, आपल्याच पोरींची, ती बघतेय एकटी. मधलं दार उघडं आहे. इथनं मला टीव्हीचा आवाज येत नाही, पण भिंतीवर निळा उजेड हलतो तेवढा दिसतोय. पुढं काय झालं, जिंकतायत का परत माती खातायत, काही माहीत नाही. आज मी जाऊन बसले नाही. बसले की मूठ आपोआप वळते.

हे पत्र कुठं पाठवायचं तर कुठंच नाही. तुम्हाला पोचवायचं म्हणजे ओरडून वाचायचं, आणि ओरडले की पोरीला ऐकू जाणार. म्हणून लिहून झालं की घडी घालून पिठाच्या डब्याखाली ठेवायचं असं मी बसतानाच ठरवलं होतं.

पण मघाशी सांगितलं ना, मला तोंडानं म्हणल्याशिवाय लिहिता येत नाही. हळू म्हणतेय असं मला वाटतंय, पण माझं हळू किती हळू असतं ते मला कधी कळलंय. भिंतीवरचा निळा उजेड गेलाय, नाना. मॅच संपली म्हणावी तर इतक्या लवकर संपायची नाही. मी वर बघत नाही. खरं सांगू? 'मला ऐकू आलं नाही' तिथपासनं पुढचं सगळं मी जरा मोठ्यानंच म्हणतेय.